आधी चाक, मग केबिनी

यंदा वाचकांकडून आलेल्या छायाचित्रांत शिडाच्या जहाजांपेक्षा आगबोटी जास्त आहेत. त्यातही अमेरिकेतल्या नद्यांवर चालणाऱ्या, पिछाडीला एकच रुंद चाक असलेल्या आगबोटींना मागणी दिसते. निवड उत्तम आहे. या बोटींची सांगाडा आणि फळ्यांची कामे तुलनेने सोपी: बूड सपाट, बाजू जवळजवळ उभ्या, फळ्यांना जो काही पीळ द्यावा लागतो तो नाळेपाशी. पहिल्या लाकडी किटसाठी तीन डोलकाठ्यांच्या युद्धनौकेपेक्षा ही बोट केव्हाही बरी.

तरी ही छायाचित्रे एकापाठोपाठ एक पाहताना खटकते ते असे की, बऱ्याच जणांनी तीन मजली बंगला बांधून त्याला मागे चाक चिकटवले आहे. कठड्यांची नक्षी सुरेख, खिडक्यांच्या चौकटी काटकोनात, पांढरा रंग आरशासारखा. पण कोळसा किंवा लाकूड कुठे जळते, वाफ कुठून कुठे जाते, चाक कशाने फिरते, याचे उत्तर ते मॉडेल देत नाही.

यात दोष बांधणाऱ्याचाच आहे असे नाही. शिडाच्या जहाजात कोणता दोर कशासाठी आहे हे कळल्याशिवाय तो धड बांधताच येत नाही, त्यामुळे जहाज चालते कसे हे आपसूक शिकले जाते. आगबोटीत ती सक्ती नाही. भाग क्रमांकाप्रमाणे जोडत गेले की बोट उभी राहते. इंजिन बहुतेक किटांत केबिनीच्या आड जाते, आणि मग जे दिसत नाही त्याचा विचार कोण करतो?

मॉडेल शिपवेजच्या ‘शॅपरोन’चे उदाहरण घेऊ. प्रमाण १:४८. मूळ बोट १८८४ साली ‘जे. सी. केर’ या नावाने बांधली गेली आणि पुढे ‘शॅपरोन’ होऊन केंटकीतल्या ग्रीन नदीवर चालली. अशा बोटीचे बॉयलर पुढच्या भागात असत. दोन उंच धुराडी जिथे वर येतात, त्यांच्या खाली बॉयलर असलेच पाहिजेत; धुराडी तिथे शोभेसाठी नाहीत. इंजिने मात्र पार मागे, चाकाच्या लगत, दोन बाजूंना एकेक. म्हणजे वाफेची नळी जवळपास सगळी बोट ओलांडून मागे जाते. इंजिने उच्च दाबाची, वापरलेली वाफ थंड न करता थेट हवेत सोडणारी. म्हणून मागच्या छपरावर दोन बारीक नळ्या वर आलेल्या असतात. त्यांना भोंगे समजून पितळी चकाकी देणारे आपल्यात कमी नाहीत.

आता वजनाचे पाहा. पुढे बॉयलर, मागे इंजिने आणि चाक, मधे मोकळी जागा, आणि बूड उथळ पाण्यासाठी मुद्दाम हलके केलेले. अशी लाकडी बोट मधे वर उचलली जाते आणि दोन्ही टोके खाली झुकतात. ते रोखायला नाळेपासून पिछाडीपर्यंत, खांबांच्या माथ्यावरून, लोखंडी सळया ताणलेल्या असत. त्यांनाच हॉग चेन म्हणतात. टर्नबकल आवळून त्यांचा ताण कमीजास्त करत. या सळया डेक आणि केबिनी भेदून सरळ जात, कारण त्यांना वळसा घालायला लावणे परवडणारे नव्हते. कितीतरी मॉडेलांत मात्र त्यांच्या जागी काळा दोरा असतो आणि तो मधे लोंबतो. लोंबणारी हॉग चेन म्हणजे कणा मोडलेली बोट. तिथे एक मिलिमीटरच्या आतली पितळी तार वापरा, आधी ताणून सरळ करा आणि खांब रंगवण्यापूर्वीच बसवून पाहा. केबिनीची भिंत आड आली तर भिंतीला भोक पाडा. मूळ कारागिरांनीही तेच केले होते.

चाकाबद्दल तर या अंकात वेगळा लेख द्यावा इतके सांगण्यासारखे आहे. दोन इंजिनांचे दोन क्रँक चाकाच्या दोन्ही टोकांना असतात आणि ते एकमेकांशी काटकोनात असतात. एका इंजिनाचा दट्ट्या टोकाला पोचून क्षणभर निष्प्रभ होतो, तेव्हा दुसरा ऐन भरात असतो. आलेल्या छायाचित्रांपैकी ज्यांत चाक नीट दिसते, त्यांतल्या बऱ्याच बोटींचे दोन्ही क्रँक समांतर आहेत. दिसायला सारखे दिसते खरे, पण ही बोट धक्क्यावर नको त्या जागी थांबली तर पुन्हा सुरूच होणार नाही. इंजिनाला चाकाशी जोडणारा लांबलचक दांडा, म्हणजे पिटमन, खऱ्या बोटीवर लोखंडाच्या पट्ट्या मारलेल्या लाकडाचाच असे. लाकडी मॉडेल करणाऱ्याला याहून मोठी मेजवानी ती कोणती! त्याला चंदेरी रंग फासू नका.

चाकाची पाती पाण्यात किती बुडतात, हेही डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये. साधारणपणे खालचे पाते पाण्याखाली जेमतेम झाकले जावे. म्हणून पाणरेषा आखण्याआधी चाक जागेवर बसवून पाहणे शहाणपणाचे. याचा धडा आपल्या मुंबईनेच दिलेला आहे. ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनी, लाकडी, दोन बाजूंना चाके असलेली आगबोट मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधली. २० मार्च १८३० रोजी ती सुएझकडे निघाली, तेव्हा एडनपर्यंतचा कोळसा मावावा म्हणून मिळेल त्या जागेत तो कोंबला होता. बोट इतकी खाली बसली की चाके पाण्यात खोल गेली आणि चाल मंदावली. एडन गाठायला अकरा दिवस लागले. या बोटीचे किट का नाही, असे पत्र दर दोन-तीन महिन्यांनी येते. किट निघेल तेव्हा निघो. इंजिनाची समज असलेल्या बांधणाऱ्याला आराखडे आणि सागवानाऐवजी बारीक पोताचे लाकूड एवढे पुरे आहे. १:४८ मध्ये एक इंच म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. त्या मापात सागाचे रेषे दोरखंडासारखे दिसतात. आपल्याकडचा हेद पोताला बारीक, कानशीला सरळ आणि कडेला धारदार राहतो.

आता थोडे हंगामाविषयी. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणपट्टीत चिकटवलेल्या फळ्या दमट हवा पिऊन फुगलेल्या असतात. डिसेंबरात त्या आकसतात आणि सांधे उघडतात. ज्यांनी पावसाळ्यात फळ्या मारल्या त्यांनी लांबी आणि रंगाची घाई करू नये. लेझरने कापलेल्या भागांच्या जळक्या कडा पॉलिश पेपरने घासल्याशिवाय फेव्हिकॉल लावू नका, आणि पांढऱ्या रंगाखाली तर त्या मुळीच ठेवू नका. तपकिरी डाग कितीही हात मारले तरी वर येतो. केबिनीच्या पातळ भिंती दोन्ही बाजूंनी रंगवा, नाहीतर त्या वाकतील. एवढे बस्स, बाकी प्रत्येक किटच्या पुस्तिकेत असते.

पुढच्या अंकासाठी आगबोटींची छायाचित्रे पाठवताना नाळेकडून टिपलेले एकच देखणे छायाचित्र नको. एक छायाचित्र थेट मागून घ्या, चाक आणि दोन्ही क्रँक दिसतील असे, आणि दुसरे बाजूने, हॉग चेन पूर्ण चौकटीत येईल असे. ही दोन नसतील तर छापण्याचा विचार होणार नाही.