भिंतीचा राखणदार

लखनौच्या अमीनाबाद बाजारात जाहिराती, पत्रके आणि पानाच्या पिचकाऱ्या यांतून क्वचितच एखादी भिंत सुटते. बंगळुरूत 'द अग्ली इंडियन' गटाच्या निनावी स्वयंसेवकांनी २०१० पासून अशाच जागा स्वहस्ते धुऊन रंगविल्या. त्यावरून मला एवढेच उमगते: भिंत स्वच्छ करणे हे एका सकाळचे काम, ती स्वच्छ राखणे मात्र शेजाऱ्यांच्या हाती. दंडाचे कायदे आहेत, पण कायदा भिंतीपाशी उभा राहत नाही. तिथे दिवसभर बसतो तो पदपथावरील विक्रेता. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याच्या उपजीविकेला संरक्षण दिले. प्रशासनाने त्याला केवळ अतिक्रमण न समजता भिंतीचा राखणदार करावे आणि चुन्याची बादली पुरवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.