फाटकाबाहेर उभे राहा!

आसामचा मचांग लालुंग १९५१ मध्ये पकडला गेला आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात धाडला गेला. १९६७ मध्ये डॉक्टरांनी तो बरा झाल्याचे लिहून दिले. त्यावर त्याला घरी पाठवायचे, तर नेले गुवाहाटीच्या तुरुंगात! खटला कधी चाललाच नाही. २००५ मध्ये तो बाहेर आला तेव्हा अटकेला ५४ वर्षे झाली होती.

हजारीबागच्या तुरुंगातही बरे झालेले मनोरुग्ण वर्षानुवर्षे खितपत पडले होते. १९८२ मध्ये वीणा सेठी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली, गावी जायचा खर्च आणि आठवडाभराच्या पोटापाण्याचे पैसे द्यायला लावले. न्यायालयाने निदान आठवड्याचा तरी विचार केला. आठव्या दिवशी त्या माणसाचे काय, हे विचारणे आपले काम होते. आपण अजून विचारलेले नाही.

जामिनाचा कागद पोहोचला की मनोरुग्ण कैदी फाटकाबाहेर. गोळ्या आत, केसपेपर आत. खिशात एसटीच्या भाड्यापुरते पैसे असले तर नशीब! गोळ्या बंद पडल्या की झोप उडते, भास परततात. मग कुठेतरी आरडाओरडा, शेजाऱ्यांची तक्रार, पुन्हा तीच पोलीस चौकी. आणि आपण म्हणतो, "हा सुधारायचाच नाही."

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने समाजात राहण्याचा हक्क दिला. हाफ-वे होम आणि निवाऱ्याची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. ती सरकारकडून वसूल करायचीच. पण भाड्याची खोली सरकार नाकारत नाही, आपण नाकारतो. कामावरून आपण काढतो. भाऊबंदांनी दार लावले की त्यांना शहाणपणाची पावती देणारेही आपणच.

तेव्हा उठा! वकीलहो, जामिनाचा अर्ज लिहिताना त्याच बैठकीत गोळ्या आणि उपचाराचे कागद मागा, घरी आधी कळवा. गणपतीला लाखोंची वर्गणी जमवणाऱ्या मंडळांनो, एका माणसाचे सहा महिन्यांचे खोलीभाडे तुम्हाला जड नाही. सरपंच, आशाताई, गावात असा कोणी परतला तर त्याला घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. पहिल्या खेपेला तो एकटा जाणार नाही. आणि घरच्यांनो, घाबरलात तर त्यात लाज नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो. दार लावण्याआधी तो फिरवा.