सुपातला केक

ऑफिसातला थीम केक म्हणजे लॅपटॉप नाहीतर क्रिकेटची बॅट. परवा कुंभारीत वेगळाच केक कापला. 2006 मध्ये विडी कामगार बायकांना मिळालेल्या गोदूताई वसाहतीतल्या 10,000 घरांपैकी एक माझ्या मावशीचं. तिच्या साठीला मी ऑर्डर दिली : सूप, त्यात पानं, विड्या. केकवाली म्हणाली, ‘फाँडंटच घ्या, सोलापूरच्या उन्हात क्रीम बसतं. पण फ्रीजमध्ये नको. बाहेर काढलं की घाम सुटतो, रंग ओघळतो.’ प्रत्येक विडीला तिने आयसिंगचा दोरासुद्धा गुंडाळला होता. तिची आईही विड्याच वळते.

केक बघून मावशी गप्प. म्हटलं, चुकलंच यार! वाढदिवसालाही तेच काम पुढ्यात ठेवलं. तिने एक विडी उचलली, चष्मा सावरला.

‘‘ही छाट जाणार बघ. तोंड नीट मुडपलं नाही.’’