जागेपणाची गोळी आणि नफ्याचे गणित

‘मनाचा निग्रह असला की गोळ्यांची गरज पडत नाही’ हे वाक्य आपल्या चळवळीतही अधूनमधून ऐकू येते, आणि ते उच्चारणारे साथी बहुधा सज्जनच असतात. साधेपणा व संयम यांच्या संस्कारात वाढलेल्यांना औषधावर विसंबणे हे दुबळेपणाचे लक्षण वाटते. परंतु नार्कोलेप्सीच्या रुग्णाला हा उपदेश करणे म्हणजे अधू दृष्टीच्या माणसाला चष्मा काढून निग्रहाने वाचायला सांगणे होय.

या विकाराच्या मुख्य प्रकारात मेंदूतील ओरेक्सिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात. माणसाला जागे ठेवणारे हे द्रव्य आटले की रात्री पुरेसा झोपलेला माणूसही यंत्रासमोर, जेवताना, बोलता बोलता पेंगू लागतो. मोठ्याने हसू आले तर गुडघ्यांतील बळ जाते. नष्ट झालेल्या पेशी परत येत नाहीत. म्हणून मोडाफिनिलसारखे उत्तेजक औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते. त्याने रोग बरा होत नाही, पण दिवस हाती लागतो. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याला आपण व्यसनी म्हणतो काय?

विसंबण्यात लाज नाही, पण धोका जरूर आहे. आणि तो औषधाच्या मालकीत आहे. फ्रान्समध्ये शोधल्या गेलेल्या मोडाफिनिलला अमेरिकेत १९९८ साली नार्कोलेप्सीसाठी मान्यता मिळाली. तेथे ते विकणाऱ्या सेफालॉन कंपनीने २००५-०६ मध्ये चार कंपन्यांना, त्यात आपली रॅनबॅक्सीही आली, २०१२ पर्यंत स्वस्त पर्याय बाजारात न आणण्यासाठी २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊ केली, असा आरोप ठेवून फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये तिच्यावर खटला भरला. २०१५ मध्ये तो १२० कोटी डॉलरवर मिटला. मुक्त स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्यांची ही स्पर्धा!

त्यातही नार्कोलेप्सीचे रुग्ण थोडे आणि थकलेले कामगार अगणित. २००४ मध्ये याच गोळीला अमेरिकेत पाळीच्या कामातून उद्भवणाऱ्या ‘निद्राविकारा’साठीही मान्यता मिळाली. रात्रपाळी लादणारी व्यवस्था निरोगी, आणि तिच्यात पेंगणारा कामगार तेवढा रोगी! २००५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत काय दिसले? रात्रपाळीतील कामगाराला झोप लागण्यास सरासरी २.१ मिनिटे लागत, गोळीनंतर ३.८ मिनिटे. पाच मिनिटांच्या आत झोप लागणे हे तीव्र झोपाळूपणाचे लक्षण मानतात. म्हणजे गोळी घेऊनही तो पेंगतच होता. युरोपच्या औषध नियामकांनी २०१० मध्ये फेरतपासणी करून हे औषध नार्कोलेप्सीपुरतेच ठेवण्याची शिफारस केली. अमेरिकेत पाळीसाठीची मान्यता कायम राहिली.

हा दूरदेशीचा प्रश्न आहे, असे कोणी समजू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आपल्याकडे हे औषध भारतीय कंपन्याच बनवतात, परंतु निदान होण्यापूर्वीच रुग्णाची नोकरी जाते. अनेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांत कामावर झोपणे हे गैरवर्तन आहे; तेथे आळशी आणि आजारी यांत फरक करण्याची तसदी कोण घेतो? दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याच्या अनुसूचीत दीर्घकालीन मज्जाविकार आहेत, पण नार्कोलेप्सीचा नामोल्लेख नाही.

यापुढे ‘कामावर झोपला’ म्हणून एखाद्या कामगाराची चौकशी लागली, तर आपल्या युनियनच्या प्रतिनिधीने आधी निद्रातपासणीची मागणी करावी, आणि तीही मालकाच्या खर्चाने. निदान झाले तर कामाच्या वेळेत ठरावीक डुलकीची सवलत मागावी. छोट्या, नियमित डुलक्या हा या विकारावरील उपचाराचाच भाग आहे. आणि अशा कामगाराला रात्रपाळी लावू नये, ही अट करारात लिहून घ्यावी.