पुस्तक छापले म्हणजे विद्या आली?

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आमच्या हमरापूरच्या दवाखान्यात आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक पुस्तक काढा. मजकूर आम्ही लिहून देतो, आयएसबीएन नंबर मिळवून देतो. मागच्या पानावर तुमचा फोटो. 500 प्रती वाटा, पेशंट आपोआप येतील." मी त्यांना चहा पाजून निरोप दिला. कारण मला इथल्याच गणपतीच्या कारखान्यातला एक रंगारी आठवला.

त्याला रक्तदाबाचा विकार. गोळी रोज चालू होती. कोणा 'तज्ज्ञा'चे असेच स्वखर्चाने काढलेले पुस्तक त्याच्या हाती पडले. छापून आलंय म्हणजे खरंच असणार, असे म्हणून त्याने गोळी बंद केली. रक्तदाब दुखत नाही की खुपत नाही. दोन महिने त्याला बरेच वाटले. मग एका सकाळी तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला. आज तो चालतो-फिरतो, पण गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा तो हात पुन्हा स्थिर झाला नाही.

वाचकहो, आयएसबीएन हा पुस्तकाचा नुसता ओळख क्रमांक. आपल्या देशात तो विनामूल्य मिळतो. तो देताना आतले औषधोपचार कोणी तपासत नाही.

स्वखर्चाने पुस्तक काढण्यात गैर काही नाही. पण आधी काम, मग पुस्तक. आपल्याच जिल्ह्यातले डॉ. हिम्मतराव बावस्कर पाहा. 1976 साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत दगावत होते. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या. 1982 साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांचा लेख आला. तिथे जाणकारांनी तपासल्याशिवाय संशोधन छापत नाहीत. पुढे प्राझोसिन या औषधाने त्यांनी असंख्य जीव वाचवले. 2022 साली पद्मश्री मिळाली. त्यांनी पुस्तकेही लिहिली, पण लोकांचा विश्वास त्याआधीच बसला होता.

डॉक्टरांसाठी 2002 सालची आचारसंहिता आहे. आरोग्यशिक्षणासाठी वृत्तपत्रांत जरूर लिहावे, पण त्यातून स्वतःची जाहिरात करू नये. हे पथ्य हा स्तंभ लिहिताना मलाही आहेच.

तेव्हा आरोग्याचे पुस्तक हाती आले की एवढे पाहा. लेखकाची पदवी कोणती? शेवटच्या पानावर त्याचेच औषध विकायला आहे काय? 'कायमचा बरा' असा शब्द आहे काय? आणि चालू गोळी बंद करायला सांगितली असेल, तर ते पुस्तक घेऊन आधी आपल्या डॉक्टरकडे जा.

शाडूची माती नीट मळली नसेल तर वरून कितीही रंग चढवा, मूर्ती तडकतेच. हमरापूरच्या माणसाला हे मी काय सांगावे!