रेघा मोजणाऱ्यांना उत्तर

जपानी चित्रकथांबद्दल (कागदावरच्या मांगा आणि पडद्यावरच्या ॲनिमेबद्दल) आपल्याकडे दोन मतं हमखास ऐकू येतात. पहिलं घरातल्या वडीलधाऱ्यांचं: सगळे चेहरे एकसारखे, बशीएवढे डोळे, टोकदार हनुवटी आणि डोक्यावर निळ्या-गुलाबी केसांचं रान. दुसरं त्याच घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरांचं: चित्र बघावं तर ‘बर्सर्क’चं, ‘व्हॅगाबॉण्ड’चं, एकेका पानावर हजार रेघा. बाकीचे सगळे वेळ मारून नेणारे. पहिल्या मताचा निकाल चटकन लावता येतो. माझं खरं भांडण दुसऱ्याशी आहे, कारण ते बाळगणाऱ्यांनी हजारो पानं वाचलेली असतात आणि तरीही चित्राची किंमत ते रेघांच्या वजनावर करतात.

आधी वडीलधारे. ‘सगळं सारखंच’ म्हणणाऱ्या याच मंडळींनी १९९०च्या दशकात दूरदर्शनवर मोगलीचं ‘जंगल बुक’ पाहिलंय, गुलजारांच्या गाण्यासकट. ती मालिका १९८९ची, निप्पॉन ॲनिमेशनची, अस्सल जपानी. पण तेव्हा कुणाला तसा संशयही आला नाही. डोरेमॉन, शिनचॅन आणि मोगली शेजारी उभे केले तर स्वयंपाकघरातून डोकावणारी आजीसुद्धा कोण कुणाचा ते सांगेल. शिनचॅनच्या गालाचा बटाटा आणि त्यावरच्या जाड भुवया हे योशितो उसुईंचं हस्ताक्षर आहे, ते दुसऱ्या कुणाचं होऊच शकत नाही.

डोळे मोठे आहेत हे खरं. त्याचं पितृत्व बहुतांशी ओसामू तेझुकांकडे जातं. डिस्नेचे सिनेमे पुन्हापुन्हा पाहिलेला हा माणूस ताकाराझुका गावात वाढला. तिथल्या स्त्रियांच्या संगीत नाटक मंडळीत मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसावेत असे डोळे रंगवत. पुढे १९७०च्या दशकात मोतो हागिओ, रियोको इकेदा यांच्यासारख्या लेखिकांनी मुलींसाठीच्या मांगामध्ये त्या डोळ्यांत तारे भरले, चौकटी फोडल्या, पात्राच्या मनातलं पानभर पसरवलं. तिथे डोळा ही रंगभूमी आहे, आतलं नाटक त्यावर चालतं. आणि हे नको असेल, तर १९८२ला सुरू झालेला कात्सुहिरो ओतोमोंचा ‘अकिरा’ उघडावा: बारीक डोळे, चपटी नाकं, टोकियोच्या रस्त्यावर दिसतील तसे चेहरे. जिरो तानिगुचींच्या ‘द वॉकिंग मॅन’मधला गृहस्थ तर आपल्याच सोसायटीत राहत असावा, इतका साधा.

तरीही या आरोपाला एक खरं गिऱ्हाईक आहे, ते लपवत नाही. दर हंगामात, मेलेला नायक दुसऱ्या दुनियेत जन्मला अशा मालिकांचा जो घाणा निघतो, त्यात चेहरा एकच आणि केसांचे रंग तेवढे वेगळे असतात. तो बाजाराचा माल आहे. त्यावरून मांगाची पारख करणं म्हणजे लग्नाच्या वरातीतला बँड ऐकून संगीतावर मत देणं.

आता मुख्य पूर्वपक्ष. तो असा: चित्रकाराची योग्यता त्याच्या तपशिलात दिसते. स्नायू, चिलखताची कडी, पावसाचा थेंब, भिंतीची वीट, जितकं दिसतं तितकं काम, जितकं काम तितकी कला. ‘अटॅक ऑन टायटन’चा हाजिमे इसायामा कच्चा, ‘वन-पंच मॅन’चा वन कच्चा, ‘डीमन स्लेयर’ची मूळ चित्रंही कच्ची, स्टुडिओने हात दिला म्हणून तरली.

‘वन’ हे टोपणनाव घेतलेल्या लेखकापासूनच सुरुवात करू, कारण इथे नियतीने आयता प्रयोग करून ठेवलाय. त्याने २००९मध्ये ‘वन-पंच मॅन’ स्वतःच इंटरनेटवर टाकायला घेतलं. चित्रं अशी की पाचवीतल्या पोराच्या वहीची शेवटची पानं वाटावीत. ती वाचून युसुके मुराता या तयारीच्या चित्रकाराने आपणहून ती कथा पुन्हा काढायची इच्छा दाखवली आणि २०१२पासून एकच गोष्ट दोन हातांनी चितारलेली वाचायला मिळू लागली. मुराता म्हणजे रेघमोजणाऱ्यांचं दैवत. त्याच्या राक्षसांच्या अंगावरचा खवलान्‌खवला वेगळा, इमारत कोसळते तेव्हा प्रत्येक काच वेगळी फुटते. पण त्या सगळ्या गदारोळात नायक सैतामाचा चेहरा बघा. अंड्यासारखं टक्कल, दोन ठिपके, एक आडवी रेघ. मुराताला तिथे स्नायू, सावली, घामाचे थेंब काढता आले नसते का? अधूनमधून तो काढतोही, आणि पुढच्या चौकटीत परत अंडं. कारण विनोद तिथेच आहे: जग एवढं गांभीर्याने चितारलेलं आणि ज्याच्या एका ठोशात ते संपणार तो इतका कंटाळलेला की त्याच्यावर शाईसुद्धा वाया घालवू नये. हे अंडं वनचं आहे. मुराताने दागिने चढवले, पण मूर्तीला हात लावला नाही, आणि ही त्याच्या तपशिलापेक्षा मोठी समज आहे.

याच वनची दुसरी मालिका, ‘मॉब सायको १००’, २०१६मध्ये ॲनिमेमध्ये आली तेव्हा बोन्स स्टुडिओने वेगळा रस्ता धरला. ‘सुधारून’ घेतलं नाही. वाकडे चेहरे वाकडेच ठेवले, रेघ थरथरती ठेवली आणि मनाचा बांध फुटतो तिथे चित्रालाही फुटू दिलं. मॉब हा मुलगा आपली प्रचंड शक्ती दाबून ठेवणारा, वर्गात कुणाच्या लक्षात न येणारा. त्याला सुबक नाक दिलं असतं तर मालिकेचाच जीव गेला असता.

इसायामाबद्दलही थोडं. ‘अटॅक ऑन टायटन’च्या पहिल्या खंडांत माणसांची शरीररचना चुकलेली आहे, हे कबूल. पण त्याचे राक्षस भयंकर वाटतात ते नेमके शरीराचं गणित बिघडल्यामुळेच. आखूड हात, फुगलेलं पोट आणि तोंडावर निर्बुद्ध हसू. शरीरशास्त्र पक्कं असलेल्या कुणी काढले असते तर ते मोठे पहिलवान झाले असते.

यावर पोरं म्हणतील, हे अपवाद, दिग्गजांचं काय? तर दिग्गजांचंच बोलू. ताकेहिको इनोउए यांचं ‘व्हॅगाबॉण्ड’ १९९८मध्ये सुरू झालं, मियामोतो मुसाशी या तलवारबहाद्दराची कथा. आधी पेनाचं कसबी काम, पुढेपुढे ब्रश, आणि ब्रश जसा हातात मुरत गेला तशी पानं मोकळी होत गेली. मालिका २०१५पासून थांबली आहे, पण त्याआधी इनोउए एक विलक्षण गोष्ट करतात. मुसाशीला एका उपाशी गावात आणून त्याच्या हातात कुदळ देतात. पानामागून पान पडीक जमीन, पाणी, चिखल आणि भाताची रोपं. तलवारबाजीसाठी आलेले वाचक तेव्हा वैतागले असणार. पण बघावं ते याच पानांत: शेताची कड ब्रशच्या एका ओल्या फटकाऱ्यात उतरते आणि बाकी कागद कोरा. तो कोरा भाग म्हणजे आभाळ, उन्हाचा ताप किंवा नुसता वेळ, प्रसंगाप्रमाणे. रेघा मोजून या पानांना किती गुण देणार? ‘स्लॅम डंक’च्या शेवटच्या सामन्याचे अखेरचे क्षण याच माणसाने जवळजवळ एकही संवाद न घालता काढलेत, आणि ती पानं डोळा इतक्या वेगाने ओलांडतो की वाचणाऱ्याला धाप लागते. तिथे प्रत्येक प्रेक्षकाचा शर्ट रंगवत बसले असते तर चेंडू वाटेतच अडकला असता.

मुद्दा हाच आहे. मांगामधलं चित्र भिंतीवर टांगायचं नसतं. ते वाचायचं असतं. चौकटीवर नजर किती रेंगाळावी हे चित्रकार ठरवतो, आणि दाट रेघ नजरेला थांबवते, विरळ रेघ तिला पुढे ढकलते. त्यामुळे प्रश्न ‘किती काढलंय’ हा नसून ‘कुठे काढलंय आणि कुठे सोडलंय’ हा आहे.

शिगेरू मिझुकींचं उदाहरण मला यात सर्वांत जवळचं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात राबाउलला हा सैनिक बॉम्बहल्ल्यात डावा हात गमावून बसला आणि उरलेल्या हाताने त्याने आयुष्यभर भुतंखेतं काढली. त्यांच्या पानावर जंगल, दगड, पानं, सगळं ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं असतं आणि त्यात वावरणारी माणसं मात्र रबरी, दात पुढे आलेली, कार्टून. १९७३च्या ‘सोइन ग्योकुसाइ सेयो’मध्ये त्यांनी स्वतःच्या लढाईचे दिवस मांडले. पुस्तकभर हे कार्टून सैनिक भुकेने कुरकुरतात, चापटा खातात, मरतात. शेवटच्या पानांवर प्रेतांचा खच येतो आणि तिथे अचानक कार्टून संपतं. प्रेतं छायाचित्रासारख्या खऱ्या तपशिलाने काढलेली आहेत. आयुष्यभर दोन रेघांत काढलेला माणूस मेल्यावर खरा होतो! पहिल्या पानापासूनच तो तपशील वापरला असता, तर शेवटी हातात काय उरलं असतं?

प्रतिपक्षाची एक बाजू मात्र भक्कम आहे आणि ती टाळून चालणार नाही. साधेपणाचं हे कौतुक म्हणजे गरिबीला तत्त्वज्ञानाची झूल नव्हे काय? १ जानेवारी १९६३ला तेझुकांचा ‘ॲस्ट्रो बॉय’ जपानी टीव्हीवर आला. खर्चही निघणार नाही अशा दराने त्यांनी भाग विकले. सेकंदाच्या २४ फ्रेम, पण चित्रं आठ किंवा त्याहूनही कमी. ओठ तेवढे हलतात, धावणारे पाय पुन्हा वापरतात. त्या स्वस्ताईचं ओझं ॲनिमेशन कामगारांच्या पाठीवर पुढे कित्येक दशकं राहिलं. हे सगळं खरं आहे. पण अडचणीतून जन्मली म्हणून शैली खोटी ठरत नाही. तेझुकांच्याच स्टुडिओत तयार झालेल्या ओसामू देझाकींनी त्या अडचणीचं काय केलं ते ‘रोज ऑफ व्हर्साय’च्या उत्तरार्धात बघा. भावनेच्या टोकाला हालचाल गोठते आणि पडद्यावरचं चित्र खडबडीत रेघांच्या, हाताने रंगवलेल्या स्थिरचित्रात बदलतं. क्षण जातो, चित्र राहतं. पैसे वाचवण्यासाठी थांबवलेली हालचाल इतका वेळ मनात राहत नसते.

आणि गरिबीचा मुद्दा खरोखरच निकालात काढायचा असेल, तर इसाओ ताकाहातांचा ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ आहे. २०१३चा सिनेमा, तयार व्हायला सुमारे आठ वर्षं, खर्च सुमारे ५०० कोटी येन. एवढ्या पैशात काय विकत घेतलं? कोळशाने ओढल्यासारख्या तुटक रेघा, कडेला न पोचलेला पाणरंग, कोपऱ्यात कोरा राहिलेला कागद. त्यात एक प्रसंग आहे. नामकरणाची मेजवानी चालू असते, पडद्याआड बसलेल्या कागुयाला बाहेरच्या दारुड्या पाहुण्यांची चेष्टा ऐकू येते आणि ती धावत सुटते. दारं फोडून, रस्त्यावरून, अंगावरचे भरजरी थर एकेक मागे टाकत, चंद्राखाली डोंगराकडे. जसजशी ती धावते तसतशी रेघ फाटत जाते. चेहरा जातो, बोटं जातात, शेवटी उरतात ते काळे ओरखडे, आणि त्या ओरखड्यांना राग आलेला आहे. नीट आखलेल्या, बंद बाह्यरेषेत रंग भरणं सोपं. अशी तुटकी रेघ चित्रामागून चित्र जिवंत ठेवणं महाकठीण. चित्रपटभर सुबक असलेल्या हाताने तिथे मुद्दाम सुबकपणा सोडलाय.

आपल्याकडच्या नजरेला हे नवं नसावं. ज्या घरांत मुळगावकरांची गुळगुळीत मुखपृष्ठं जपून ठेवली जात, त्याच घरांत वसंत सरवट्यांनी चार रेघांत उभा केलेला माणूसही ओळखीचा होता. दोघांना एका तराजूत घालावं असं कुणाला वाटलं नाही.

म्हणजे तपशील वाईट का? मुळीच नाही. केंतारो मिउरांचं ‘बर्सर्क’ मीही आदराने हाताळतो. त्यातल्या ग्रहणाच्या प्रसंगात पानाचा प्रत्येक कोपरा दातांनी, हातांनी, डोळ्यांनी भरलेला आहे, कारण तिथे नजरेला पळायला जागा ठेवायचीच नाहीये. नायक गट्सची तलवार वजनदार वाटते ती तिच्या धारेवरच्या खरखरीत रेघांमुळे. पण भक्त एक गोष्ट सोयीस्करपणे विसरलेत. याच मिउरांच्या याच मालिकेत पक नावाचा एक पिटुकला परी-पोर आहे आणि गंमत करायची वेळ आली की मिउरा त्याला चेस्टनटच्या फळासारखं डोकं देऊन दोन-चार रेघांत मोकळे होतात. एवढ्या काळोखात तेवढीच मोकळी जागा. ते चेस्टनट नसतं तर काळोख असह्य झाला असता, किंवा त्याहून वाईट म्हणजे सवयीचा. मला तपशिलाचा राग येतो तो नाकापेक्षा मोती जड होतो तेव्हा. माकोतो शिनकाईंच्या सिनेमांतलं आभाळ बघून पहिली दहा मिनिटं डोळे निवतात. मग प्रत्येक ढग, प्रत्येक थेंब, रेल्वेचा प्रत्येक रूळ सारखाच चमकू लागतो आणि कशाकडे बघावं तेच कळत नाही. ‘माय नेबर तोतोरो’साठी काझुओ ओगांनी रंगवलेल्या शेतांतही गवत कमी नाही, पण ते पात्राला वाट देतं.

राहता राहिला ‘डीमन स्लेयर’. युफोटेबल स्टुडिओने मालिका तारली, हे पोरांचं हुकमी पान. ॲनिमेचं काम देखणं आहे, वादच नाही. पण त्यातलं एक गाजलेलं दृश्य घ्या. नायक तांजिरो तलवार फिरवतो आणि पात्याभोवती पाण्याची लाट उसळते. ती लाट खऱ्या पाण्यासारखी आहे का? तिला ठसठशीत बाह्यरेषा आहे, आत सपाट निळा आहे, फेस नखांसारखा वळलेला आहे, थेट जुन्या लाकडी ठशांच्या चित्रांतून उचललेली. अशीच ठशांच्या धाटणीची लाट कोयोहारू गोतोगेंच्या मूळ मांगामध्ये, शाईच्या जाड-बारीक रेघांत आहे. स्टुडिओकडे संगणक होते, पैसा होता, खरं पाणी उकळवून दाखवण्याची सगळी सोय होती. त्यांनी ते केलं नाही. कागदावरची ती सपाट लाटच हलवली, आणि थिएटरात शिट्ट्या त्या लाटेलाच पडतात.