पोटदुखी एक, चिठ्ठ्या पाच

कापसाची वेचणी ऐन भरात असताना, मजुरीचा एक दिवस बुडवून, दारव्हा तालुक्यातील एक गृहस्थ आपल्या दहा वर्षांच्या मुलीस घेऊन आमच्याकडे आले. मुलगी इयत्ता पाचवीत शिकणारी. चार महिन्यांपासून आठवड्यातून दोन-तीन वेळा तिच्या पोटात दुखत असे. हातातील प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर ठेवीत ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, औषध मागून द्या. पहिले एवढं सांगा, यातलं खरं कोणाचं म्हणावं?"

पिशवीत पाच चिठ्ठ्या होत्या. दारव्ह्यातील दोन, दिग्रसची एक आणि यवतमाळच्या दोन. पहिल्या चिकित्सकाने जंत सांगितले. दुसऱ्याने सोनोग्राफी करवून पोटात गाठी असल्याचे सांगितले. तिसऱ्याने अपेंडिक्सचा संशय घेऊन शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. चौथ्याने त्याच गाठी क्षयाच्या असू शकतील म्हणून सहा महिन्यांच्या उपचाराची भाषा केली. पाचव्याने तपासून "काही नाही, शाळा चुकविण्याचे बहाणे आहेत" असा निर्वाळा दिला. घरातील वडीलधाऱ्यांच्या मते बेंबी सरकली होती, ते वेगळेच. मुलीची आई आम्हांस म्हणाली की, आता तिला पोटदुखीपेक्षा या चिठ्ठ्यांची अधिक भीती वाटते. त्या वाक्याने आम्ही अस्वस्थ झालो. प्रस्तुत लेख त्या अस्वस्थतेतून लिहिला आहे.

प्रथम त्या पाच मतांकडे पाहू. ती परस्परविरोधी दिसत होती खरी, परंतु सर्व कागद एका ओळीत मांडून वाचले असता विरोध बराचसा विरघळला. जंतांचे म्हणाल, तर २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना शाळेत व अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. या मुलीने ती घेतली होती आणि त्यानंतर पहिल्या चिकित्सकानेही तीच दिली होती. सोनोग्राफीतील लसिकाग्रंथी सहा-सात मिलिमीटरच्या होत्या. आठ मिलिमीटरपर्यंतच्या आडव्या व्यासाच्या अशा ग्रंथी पोट मुळीच न दुखणाऱ्या मुलांतही आढळतात, हे बालरोगतज्ज्ञ व क्ष-किरणतज्ज्ञ आता जाणतात. अहवालात अपेंडिक्सविषयी "दिसून आले नाही" एवढेच शब्द होते. एकाने त्याचा अर्थ "ठीक आहे" असा घेतला, दुसऱ्याने "संशय आहे" असा. क्षयाचे म्हणावे तर ताप नाही, वजन घटलेले नाही, घरात वा शेजारी क्षयाचा रुग्ण नाही आणि त्या दिशेची एकही तपासणी केलेली नाही. पाचव्या मताचा अर्धा भाग बरोबर होता. अवयवात विकृती आढळली नव्हती. मात्र वेदना खोटी नव्हती.

१९५८ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे ॲपली आणि नेश यांनी १००० शाळकरी मुलांची पाहणी केली. तीन महिन्यांत किमान तीन वेळा, दैनंदिन व्यवहारात अडथळा येईल इतके पोट दुखणारी मुले त्यांना सुमारे दहांत एक आढळली. अशा बहुसंख्य मुलांत अवयवाची विकृती सापडत नाही आणि तरीही त्यांचे दुखणे खरे असते. २०१६ च्या रोम निकषांनीही या कार्यात्मक उदरशूलास स्वतंत्र स्थान दिले आहे. "काही नाही" हा शब्दप्रयोग म्हणून आपण सर्वांनीच आपल्या कोशातून काढून टाकावा. तो ऐकून मूल खोटे ठरते आणि पालक पुढच्या दाराकडे वळतो.

आम्ही मुलीस आईसमोर आणि नंतर परिचारिकेच्या सोबतीने वेगळे बसवून विचारले. जूनपासून ती गावातील शाळा सोडून बसने दारव्ह्यास येऊ लागली होती. सकाळी बस गाठण्याच्या घाईत शौचास जाणे होत नसे. शाळेतील स्वच्छतागृह वापरण्याची तिला किळस वाटे, म्हणून ती सायंकाळपर्यंत वेग रोखून धरीत असे. पाणीही त्याच कारणास्तव पीत नसे. उदरपरीक्षणात डाव्या बाजूस खाली कठीण मलाच्या गाठी हातास लागल्या. मलप्रवृत्ती तीन-चार दिवसांतून एकदा होत होती. आईस याची कल्पना नव्हती. दहा वर्षांच्या मुलीस हे कोण विचारतो? पाच चिठ्ठ्यांपैकी एकीतही मलप्रवृत्तीविषयी एक शब्द नव्हता.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील नवेगान्धारणीय अध्यायात पुरीषवेग धारण केल्याने पक्वाशयात शूल, शिरःशूल, वात व मल यांचा अवरोध, पोटऱ्यांत गोळे येणे आणि आध्मान ही लक्षणे होतात असे सांगितले आहे. मुलीचे डोकेही अधूनमधून दुखत होते. म्हणजे निदान आपल्या शास्त्राच्या पहिल्या काही अध्यायांतच होते.

येथे आमच्याही मोहाची कबुली दिली पाहिजे. त्या क्षणी सहावी चिठ्ठी लिहून, आधीच्या पाचांना दोन शब्द ऐकवून, "आयुर्वेदाने पकडले" असे म्हणणे अत्यंत सोपे होते. आपल्यापैकी अनेकांनी असे केले आहे आणि आम्हीही त्यास अपवाद नाही. रुग्ण बहुधा सर्वांत शेवटी आपल्याकडे येतो. आधीचे निष्कर्ष तयार असल्याने आपणांस शहाणे ठरणे सुलभ जाते. परंतु त्या पालकांच्या दृष्टीने आमचे मत हे केवळ सहावे मत ठरले असते. पुढे एखाद्या रात्री पोट पुन्हा दुखले असते, की सातव्या दाराची वाट धरली गेली असती.

म्हणून आम्ही यवतमाळच्या ज्या बालरोगतज्ज्ञांनी मुलीस शेवटी तपासले होते, त्यांना एक पानाचे पत्र लिहिले. काय आढळले, काय आढळले नाही आणि आमचा विचार काय, एवढेच त्यात होते. पारिभाषिक शब्द टाळले. त्यांनी दूरध्वनी केला, मुलीस पुन्हा पाहिले आणि बद्धकोष्ठाचे निदान मान्य केले. सौम्य रेचक कोणी द्यावे हा प्रश्न होता. दोन रेचके एकाच वेळी नकोत, म्हणून औषध त्यांचे आणि आहार-दिनचर्या आमची, असे ठरले. सकाळी अर्धा तास आधी उठणे, कोमट पाणी, न्याहारीनंतर दहा मिनिटे निवांत शौचास बसणे, आहारात तूप, मनुका, पालेभाज्या आणि ज्वारीची भाकरी. वर्गशिक्षिकेशी पालकांनी बोलून घेतले. अडीच महिन्यांत दुखणे क्वचित उरले. परीक्षेच्या आठवड्यात पुन्हा दोनदा दुखले, पण घरात कोणी घाबरले नाही. दोन वेगळ्या शास्त्रांच्या दोन चिकित्सकांच्या कागदांवर एकच गोष्ट लिहिलेली त्यांनी वाचली होती.

विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत. संधायसंभाषा ही सलोख्याने, ज्ञानवृद्धीसाठी करावयाची आणि विगृह्यसंभाषा ही जिंकण्यासाठी. आज आपण रुग्णाच्या पिशवीतून एकमेकांशी विगृह्यसंभाषा करतो आणि तिचा निरोप्या असतो एक घाबरलेला बाप. त्याला वैद्यकाची भाषा येत नाही, तरी पाच मतांचा न्यायनिवाडा त्यानेच करावा अशी आपली अपेक्षा असते. सल्लामसलत हे आपले कर्तव्य आहे. ते आपण त्याच्या खांद्यावर टाकले आहे.

संवाद म्हणजे प्रत्येक मूल आपल्याकडेच ठेवणे नव्हे, हेही तितकेच स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. गुल्मचिकित्सेत पक्व गुल्माच्या प्रसंगी धान्वंतरीयांचा अधिकार चरकाचार्यांनी निःसंकोचपणे मान्य केला आहे. बेंबीपासून दूर, विशेषतः उजवीकडे खाली स्थिरावणारे दुखणे, हिरवी उलटी, मलातून रक्त, ताप, घटणारे वजन, खुंटलेली वाढ, झोपेतून उठविणारी वेदना, कावीळ, यांपैकी काहीही असल्यास कार्यात्मक शूलाचे नाव घेऊ नये. तान्ह्या बाळाने राहून राहून कळवळून रडणे व लालसर आवयुक्त मल हे आंत्र आंत्रात शिरल्याचे चिन्ह असू शकते. मुलग्यांत वृषण तपासल्याशिवाय उदरपरीक्षण पूर्ण झाले असे मानू नये, कारण वृषणास पीळ पडल्यास हातात काही तासच असतात. उलट्या, अतितहान, वारंवार लघवी व खोल श्वास असल्यास रक्तशर्करा त्वरित पाहावी.

आपल्या जिल्ह्यात आणखी दोन गोष्टी विसरून चालणार नाहीत. विदर्भातील आदिवासी व अन्य काही समाजांत सिकलसेल आजार आढळतो आणि त्यातील वेदनेचे झटके पोटातही येतात. वारंवार पोट व हातपाय दुखणारे, फिकट दिसणारे मूल जंतांच्या औषधावर वर्षभर काढते आणि साधी सोल्युबिलिटी चाचणी कोणी करीत नाही, हे होता कामा नये. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून चाचणीची सोय शासकीय केंद्रांत आहे. दुसरी गोष्ट मण्यारीची. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेले मूल पहाटे पोटदुखीने उठते, दंशाची खूण दिसत नाही, थोड्या वेळाने पापण्या जड होतात. तेथे हिंग चोळण्यात गेलेली घटका प्राणावर बेतते. अशा मुलास प्रतिविष व कृत्रिम श्वसनाची सोय असलेल्या रुग्णालयात तत्क्षणी रवाना करावे.

आता औषधांविषयी. २००४ साली अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. त्यावर आपल्या वर्तुळात संताप व्यक्त झाला, शास्त्रोक्त शोधनमारणाचे दाखले दिले गेले. त्या वादात न शिरता आम्ही एवढेच म्हणू की, शिशाची बाधा झालेल्या मुलात पोटदुखी व बद्धकोष्ठ हीच लक्षणे दिसू शकतात. म्हणून बालकास कोणताही रसकल्प दिला असेल, तर त्याचे नाव, मात्रा, निर्माता व कालावधी चिठ्ठीवर लिहिलाच पाहिजे. पुड्यांत बांधून दिलेले निनावी औषध पुढच्या चिकित्सकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधते.

औषधी दुकानदार बंधूंनाही नम्र विनंती आहे. पालक प्रथम आपल्याच काउंटरवर येतो. एकाच मुलासाठी पोटदुखीचे तेच औषध महिन्यात तिसऱ्यांदा मागितले गेल्यास विक्रीपूर्वी एक प्रश्न विचारा आणि त्यास चिकित्सकाकडे पाठवा. डायसायक्लोमीनचे थेंब सहा महिन्यांखालील बाळास वर्ज्य आहेत. निदान न झालेल्या तीव्र पोटदुखीत एरंडेल वा अन्य तीव्र रेचक देऊ नका, कारण सुजलेले अपेंडिक्स त्याने फुटू शकते. अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेल्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते. ती ग्राहकास वाचून दाखवा.

आमची सूचना साधी आहे. पोट दुखणाऱ्या प्रत्येक मुलाच्या चिठ्ठीवर आपण चार ओळी मराठीत लिहाव्यात: काय आढळले व काय आढळले नाही, मलप्रवृत्ती, वजन व उंची, काय दिले, किती दिवस वाट पाहावी आणि कोणते लक्षण दिसताच थांबू नये. आधीच्या चिकित्सकाच्या मताशी आपला मतभेद असेल, तर त्याचे कारण लिहावे, अनादर नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांतून आपले अनेक पदवीधर शाळा-अंगणवाड्यांत मुले तपासतात. त्यांनी शाळेच्या स्वच्छतागृहाची चौकशी या तपासणीचाच भाग मानावी.

वेळ कोठून आणावा, असा आक्षेप येईल. चार ओळींस दोन मिनिटे लागतात. लिहिलेले उद्या आपल्याविरुद्ध वापरले जाईल, ही भीतीही काही जण बोलून दाखवतील. आमचा अनुभव असा की, न लिहिलेले अधिक वेळा विरुद्ध जाते. रुग्ण दुसऱ्याकडे जाईल ही शंका तर निरर्थक आहे. तो जातोच आहे, पाच चिठ्ठ्या घेऊन.

त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या दिवशी नेमके देऊ शकलो नाही. पाचांतील प्रत्येकात थोडे खरे होते आणि ते एकत्र करणे हे त्यांचे काम नव्हते. आपल्या तालुक्यातील पुढच्या बापास तो प्रश्न विचारण्याची वेळ न येवो, एवढी दक्षता तरी आपण सर्वांनी घ्यावी, ही विनंती.